पंधरावं नाव

गोव्याच्या बोटीचा नियमच तसा होता. पंधराजणांचा गट असेल तर भाड्यात चौथाई सूट, आणि चौदाच असतील तर एका पैशाचीही सूट नाही. डोंबिवलीच्या कीर्तन मंडळाची माणसं बरोबर पंधरा भरत होती; पण निघायच्या तीन आठवडे आधी मनुबाई वारल्या. प्रमोदिनीताई मंडळाच्या चिटणीस. त्यांनी यादीतलं मनुबाईंचं नाव तसंच ठेवलं.

पंधरावं जिवंत माणूस मिळत नव्हतं, असंही नाही. कोपरच्या खाडीवरची चंद्रभागा कोळीण दारात आली होती. "ताई, मना बी घ्या ना तुमच्यासंगती. मंगेशाचं दर्शन होईल."

"अगं, तू वर्गणीदार कुठे आहेस? सवलत मंडळाच्या माणसांना," प्रमोदिनीताई म्हणाल्या. ही बाई सहा वर्षं एकही कीर्तन न चुकवता दाराशी बसत आली होती, हे त्यांना ठाऊक होतं. चंद्रभागा हसली, आणि पूर्ण भाडं भरून एकटीच बोटीवर आली.

सकाळी बोट सुटताच कारकून गटाची यादी वाचू लागला. "मनुबाई!"

प्रमोदिनीताई काहीतरी सबब सांगायला पुढे झाल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "आहे होऽ!"

कारकुनाने खूण केली. मंडळातली कांता मात्र पांढरीफटक पडली. कीर्तनात कुंडलिकबुवांनी "लक्ष आहे ना?" विचारलं, की मनुबाई अगदी अश्शाच ओ द्यायच्या.

चंद्रभागेनंच वेळ मारून नेली असणार! प्रमोदिनीताई तिला शोधत मागच्या टोकाला गेल्या. ती गाठोड्याशेजारी बसून भाकरी खात होती.

"वाचवलंस गं. हुबेहूब मनुबाई!"

"मी? मी हितनं हललेली न्हाय, ताई." तिचा घास हातातच राहिला. "मनुबाईंचं नाव घेतलं व्हय यादीत? मरून जागा मिळाली म्हणा की त्यांना!"

टोमणा होता की कळवळा, कळेना. दुपारी डेकवर कीर्तन उभं राहिलं. आठवणीनं आणलेल्या मनुबाईंच्या झांजा सावलीत सतरंजीवर ठेवलेल्या होत्या. बोट हलली, की आपोआप किणकिणत. बुवांनी सवयीनं विचारलं, "लक्ष आहे ना?"

झांजा तेवढ्या वाजल्या.

प्रमोदिनीताई उठल्या, थेट कारकुनाकडे गेल्या. "मनुबाई वारल्यात. मी खोटं नाव दिलं."

"मग सवलत गेली, बाई. चौदाजणांचं पूर्ण भाडं होईल; फरक भरा."

"माणशी त्या चंद्रभागेनं भरलं तेवढंच ना? घ्या." मंगेशीच्या प्रसादाच्या जेवणासाठी साठवलेल्या पैशांची पुरचुंडी त्यांनी सोडली. कांता मागून पुटपुटली, "आता खाऊ काय तिथे?"

कारकुनाने मनुबाईंच्या नावावर काट मारली आणि थबकला. "मग सकाळी 'आहे' म्हणालं कोण?"

प्रमोदिनीताईंनी मागच्या टोकाला जाऊन चंद्रभागेचा हात धरला आणि तिला झांजांपाशी आणून बसवलं.

"खाण्याचं मी बघते," चंद्रभागा कांताला म्हणाली, "गाठोड्यात भाकऱ्या हायत." तिनं झांजा उचलल्या आणि लगेच मांडीवर ठेवल्या.

"ताई, या ऊन हायत गं. आत्ताच कुणी वाजवून ठेवल्यावाणी."