वाद मिटल्याशिवाय दही नाही

वाद जिंकला की फार छान वाटतं, असं कुणीतरी जगभर पसरवून ठेवलंय. ज्याने कुणी हे पसरवलं, त्याने आयुष्यात एकही वाद पुरता जिंकलेला नसणार. त्याच्या भरवशावर मी माझी उमेदीची वर्षं घालवली. तो भेटला तर मला दोन शब्द बोलायचे आहेत.

मी टोपी बोलतेय. बेसबॉलची टोपी. गडद निळी, आणि पुढे न्यूयॉर्कच्या यांकीज संघाची दोन अक्षरं एकमेकांत गुंतवलेली. कपाळावर अक्षरं असल्यामुळे मी स्वतःला फार लवकर सुशिक्षित समजायला लागले. दोनच अक्षरं आहेत, हे लक्षात यायला बराच वेळ लागला.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते आत शिवलेल्या पट्टीवर लिहिलं होतं. ती पट्टी टोचते म्हणून आन्याने पहिल्याच दिवशी कापून टाकली. तेव्हापासून मी खुशाल न्यूयॉर्कची आहे असं सांगते. टोपीला कोण कागदपत्रं विचारतंय?

आन्या ही माझी मालकीण. शैलेंद्र आणि सुनेत्रा यांची एकुलती एक मुलगी. जन्म अमेरिकेतला, घर व्हर्जिनियात, हर्नडनला. ती हायस्कूलमध्ये गेली तेव्हा तिचे बाबा तिला गाडीने न्यूयॉर्कला मॅच दाखवायला घेऊन गेले आणि स्टेडियमच्या दुकानात त्यांनी माझी खरेदी केली.

घरी आल्यावर सुनेत्राने मला आधी देवापुढे ठेवलं. त्या घरात गाडी असो, लॅपटॉप असो की मिक्सर, कुंकू लागल्याशिवाय नवी वस्तू वापरात येत नाही. तिच्या बोटाला निरांजनातलं तूप लागलेलं होतं. ते बोट नेमकं माझ्या दोन अक्षरांच्या मधे टेकलं, आणि तुपातलं कुंकू कायमचं बसलं. पुढच्या मॅचला मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने तो लाल डाग बघून विचारलं, "बॉस्टनवाल्यांना सामील आहात की काय?" निळ्यावर लाल म्हणजे आमच्या पिढीजात वैऱ्यांचे रंग! बाबा मागे वळून त्याला कुंकू, देव, नवी वस्तू हे सगळं मन लावून समजावत बसले. तेवढ्यात आमच्या संघाने मारलेला होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, त्या दोघांचाही हुकला.

आता मुख्य मुद्दा. या यांकीज संघाने इतक्या वेळा विजेतेपद मिळवलंय की त्यांचा सर्वांत मोठा सुवर्णकाळ कोणता, यावर भांडता येतं. दुसऱ्या संघांच्या चाहत्यांना ही चैन परवडत नाही.

बाबांचा सुवर्णकाळ ठरलेला होता. १९९८ ते २०००, सलग तीन विजेतेपदं. त्या सुमारास ते नुकतेच भारतातून न्यू जर्सीला आले होते. चौघांत मिळून एक अपार्टमेंट, आणि फर्निचर म्हणाल तर एक टीव्ही. बेसबॉल त्यांना त्यांच्या रूममेटने, नंदूने शिकवला. क्रिकेटच्या भाषेत, आणि निम्मा चुकीचा. पानं गळायच्या दिवसांत संघ जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. बाबांना वाटलं, अमेरिकेत दरवर्षी असंच होत असणार.

आन्याचा सुवर्णकाळ तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. १९४९ ते १९५३, सलग पाच. "बाबा, पाच इज मोर दॅन तीन. इट्स नॉट कॉम्प्लिकेटेड."

"अगं, पण मी ते तीन बघितलेत!"

"सो? बघितल्याने थ्रीचे फाइव्ह होतात का?"

रविवारच्या पोह्यांबरोबर हे चालायचं. मी आन्याच्या डोक्यावर, अर्थात तिच्या बाजूने. खरं सांगते, मला तेव्हा वाटायचं की जगातले सगळे प्रश्न सुटू शकतात, फक्त लोक आकडे नीट बघत नाहीत. पुढे आन्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकायला गेली. मीही चार वर्षं गेले. तिला डिग्री मिळाली, मला घामाची पांढरी रेघ. पण आत्मविश्वास दोघींचाही सारखाच वाढला. सुट्टीत घरी आलो की आम्ही पोहे थंड होईपर्यंत तक्ते दाखवायचो.

एकदा आन्या म्हणाली, "बाबा, तेव्हा तुम्ही नवीन होता, लोनली होता, म्हणून तुम्हाला ते ग्रेट वाटतं. दॅट्स नॉट डेटा."

बाबांनी लिंबू पिळलं आणि पोहे संपवले. मी मात्र मनात टाळ्या वाजवल्या. टोपीला हात नसतात हे एका अर्थी बरंच आहे.

आन्याला खरं म्हणजे विजेतेपदांशी फार देणंघेणं नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती: बाबांनी एकदा, आयुष्यात एकदा, "तुझं बरोबर आहे" म्हणावं. कॉलेज कुठलं, विषय कुठला, हायवेवरून कुठल्या एक्झिटला वळायचं, यातल्या कशावरही बाबांनी ते म्हटलेलं नव्हतं. तेव्हा निदान बेसबॉलवर.

मग तिला वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला नोकरी लागली. देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. निघायचा दिवस रविवारच होता. नाशिकहून आलेली शोभामावशी, सुनेत्राची थोरली बहीण, मुक्कामाला होती. बॅगा दारात लागल्या होत्या आणि बापलेकीचं पुन्हा सुरू झालं होतं.

"हे नेमकं काय चाललंय गं?" मावशीने विचारलं.

"काही नाही गं. त्यांच्या टीमचा सगळ्यात चांगला काळ कुठला, त्यावर भांडतात."

"म्हणजे पेशव्यांत थोर कोण, तसंच ना? मग चालू दे. ते आमच्याकडेही अजून मिटलेलं नाही."

पण सुनेत्रा चालू द्यायला तयार नव्हती. एका हातात दह्याची वाटी, दुसऱ्या हातात साखरेचा डबा घेऊन ती दारात आडवी उभी राहिली. "अहो, आणि तूही गं, दोघंही ऐका. पोरगी एवढी लांब निघालीय. भांडत भांडत उंबरा ओलांडायचा नाही. आधी काय ते मिटवा. वाद मिटल्याशिवाय दही नाही."

"आई, फ्लाइट आहे."

"मग लवकर मिटवा."

मी सावरून बसले. निर्णायक क्षण होता. आन्याने मला थोडं मागे सरकवलं, तक्त्यासाठी फोन काढला. आणि बाबा म्हणाले, "राहू दे फोन. एकोणपन्नास ते त्रेपन्न. सलग पाच. तुझं बरोबर आहे."

झालं. एवढ्या वर्षांचं काम एका वाक्यात. मला वाटलं होतं काहीतरी वाजेल, निदान कुणी हसेल तरी. आन्या फोन हातात धरून तशीच उभी. सुनेत्राने तिच्या तळहातावर दही घातलं, वर साखर. आन्याने ते चाटलं. मग वाकून नमस्कार करायला तिने मला काढलं आणि चपलांच्या रॅकवर ठेवलं. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, "सुखी राहा" म्हटलं, आणि दोन्ही बॅगा उचलून गाडीकडे गेले. तीही गेली. मी रॅकवर, एका सँडलच्या शेजारी, विजयी.

उघड्या दारातून गाडी दिसत होती. बाबा डिकीत बॅगा लावत होते, त्या पुन्हा काढून वेगळ्या लावत होते. आन्या बाजूला हाताची घडी घालून उभी. आता फोनवर काय बोलणार ही दोघं? "जेवलीस का?" "हो." "थंडी आहे का?" "आहे." संपलं! अगं आन्या, पोह्यांच्या बशीवर या माणसाने तुला कधी हरू दिलं नाही, कधी पुरतं जिंकूही दिलं नाही, आणि त्या जोरावर तुमचा रविवार उभा होता. सुशिक्षित टोपीच्या हे आता लक्षात येत होतं, चपलांच्या रॅकवर.

तेवढ्यात आन्या वळली आणि तरातरा घराकडे आली.

"अगं, अगं! निघाल्यावर मागे फिरू नये!" मावशी ओरडली.

"टोपी राहिली." तिने मला डोक्यावर दाबून बसवलं आणि दारातूनच हाक मारली. "बाबा! माझ्या पाचच्या वेळी एकूण टीम्स फक्त सोळा होत्या."

बाबांचा हात डिकीवर तसाच थांबला. "मग?"

"मग नो प्लेऑफ्स. डायरेक्ट फायनल. तुमच्या वेळी थर्टी टीम्स, आणि तीन राउंड्स जिंकायला लागायचे. सो तुमचे तीन आर हार्डर. आय थिंक."

"तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेयस."

"नो! इट्स डेटा."

बाबांनी डिकी बंद केली आणि ते अंगणातून तिच्या दिशेने चालत आले. चेहरा असा, की जणू पानं गळायला लागलीत आणि संघ पुन्हा फायनलला पोचलाय. "डेटा काय डेटा? सलग पाच गं! पाच वर्षं लागोपाठ! ती काय गंमत आहे?"

"बाबा, दॅट्स माय आर्ग्युमेंट!"

"मघाशी जिंकलीस ना? मग आता ते माझं."

"यू कान्ट जस्ट टेक इट!"

"का? तू माझं घेतलंस ते?"

तो वाद अजून चालू आहे. बॉथेलला मी दाराजवळच्या खुंटीवर राहते. इथे सगळे सिअ‍ॅटलच्या संघाचे, त्यामुळे मला लिफ्टमध्ये टोमणे बसतात, आणि कुंकवाचा डाग बघून लोक अजून बॉस्टनबद्दल विचारतात. माझी कड उसवलीय, निळा रंग राखाडी होत चाललाय. रविवारी सकाळी फोन वाजला की आन्या आधी मला घालते, मग उचलते. कुणाची बाजू कुठली हे मला आता नीट सांगता येत नाही. कधी बाबा पाचवर असतात, कधी तीनवर. शिकल्यासवरल्या टोपीला हे शोभत नाही, पण मी आकडे बघणं सोडलंय. तुमच्या घरी असा एखादा वाद असेल, तर हात जोडून सांगते, म्हणजे जोडता आले असते तर, तो जपून वापरा. संपवू नका.

त्या दिवशी मात्र दोघंही अंगणात हातवारे करत उभी होती, फ्लाइटची वेळ होत आली होती, आणि सुनेत्रा वाटी झाकून आत निघाली होती. शोभामावशीने तिला दारातच थांबवलं.

"दही फ्रिजमध्ये ठेवू नकोस गं इतक्यात. पुन्हा लागणार आहे."