वहीच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग

"चोक ओढला की शहाण्यासारखी चालते, सोडला की थरथरून बंद," असं म्हणत दवाखान्याच्या सिस्टरने बॉनेटवरचा पाण्याचा पेला उचलून घेतला. वेळेवर उचलला म्हणून बरं. ही जीप उभ्या जागी इतकी हलायची की बॉनेटवर ठेवलेला पेला आपल्या पायांनी चालत हेडलाइटपर्यंत जाऊन खाली डोकावायचा. एकदा बाजारात ती पाच मिनिटं चालू राहिली, तर समोरच्या दुकानातल्या बरण्यांची झाकणं आपोआप फिरून उघडली. दुकानदार हे शपथेवर सांगतो, आणि तो माणूस आयुष्यात फक्त दोनदा खोटं बोलला आहे.

मिस्तरीने मान डोलावली. चोक ओढून हवा कोंडली की बरी चालते म्हणजे कुठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कुठून शिरते तेही ठाऊक होतं. कार्बोरेटर इंजिनावर जिथे बसतो तिथून, अगदी त्याच्या बुडाशी. महिनाभर ठाऊक होतं, आणि महिनाभर तो बाकी सगळं तपासत होता. प्लग घासले, पॉइंट नवे घातले, मिक्श्चरचा स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. बुडाच्या नटांना मात्र पाना लावला नाही.

कारण तिथली फट बुजवणारं पॅकिंग त्याच्या बायकोने कापलेलं होतं.

तेव्हा गॅरेजच्या अर्ध्या भागात याचे पाने आणि तेल असायचं, अर्ध्या भागात तिचं शिवणयंत्र. मधे एक पडदा, तोही नावापुरता. नऊ वर्षांपूर्वी जीपचं जुनं पॅकिंग फाटलं आणि नवं कुठेच मिळेना, तेव्हा तिने कार्बोरेटर मांडीवर घेतला, टेप लावला, "कंबर जाड आहे हो हिची" म्हणाली, आणि मापांच्या वहीचा पुठ्ठा फाडून कात्री चालवली. बोल्टची भोकं अशी पाडली, जशी काजं शिवावीत. "घ्या, तुमच्या गाडीला कॉलर बसवली." दोन वर्षांनी ती गेली. यंत्र पुतणीकडे गेलं, शिवायला आलेले कपडे ज्याचे त्याला गेले. तिच्या हातचं, अजून कामावर असलेलं, एवढंच एक उरलं होतं. आणि इतकी वर्षं इंजिनावर भाजलेला पुठ्ठा अखंड निघत नाही, हे कुठलाही मिस्तरी सांगेल.

सिस्टरने सगळं पुन्हा सांगितलं. टेकडीपलीकडच्या वस्तीत लशी न्यायच्या. चढावर कुणाला घ्यायला थांबलं की गाडी बंद पडते आणि मागे घरंगळते. परवा निम्मी वाट उलटी आली. दवाखान्याच्या साहेबांनी बजावलंय, आज चार वाजेपर्यंत ही धड उभी राहिली नाही तर भंगारात, आणि तिच्या जागी नवी पांढरी गाडी. ती दिसायला झकास, पण तिचं पोट जमिनीला टेकलेलं. ओढा काही ओलांडणार नाही. म्हणजे पलीकडची फेरी बंद.

"तिकडे दोन पोरींचे दिवस भरत आलेत, काका," ती हळूच म्हणाली. "त्यांना मी काय सांगू?"

"जेट बघतो," मिस्तरी म्हणाला.

कार्बोरेटरचं वरचं झाकण काढायला बुडाला हात लावावा लागत नाही, ही त्याची पळवाट होती. त्याने पेट्रोल सोडणारा पितळी जेट काढला, फुंकला, एक डोळा मिटून उजेडासमोर धरला. दुपारचं पिवळं ऊन, पेट्रोलचा गोड वास, आणि त्या भोकात टाचणीच्या डोक्याएवढा उजेड. उजेडाकडे बघता बघता मिस्तरी लहान होत गेला, मुंगीएवढा झाला आणि आत उतरला. असं कुठे होतं का, असं कुणी म्हणेल. पण ज्याने चाळीस वर्षं एकाच भोकात डोळा घातलाय, त्याचं होतं.

आत पितळी भिंतींचं घर होतं. वरच्या टाकीत फ्लोट होडीसारखा डुलत होता. दारावरची सुई पेंगुळलेल्या पहारेकऱ्यासारखी टेकून उभी होती. तिने याला ओळखलं आणि सोडलं. मधल्या जिन्यातून वारा आपल्या वाटेने, शिस्तीत खाली जात होता. तोही वाऱ्यासोबत गेला. अगदी तळमजल्यावर, भिंतीला पाठ लावून बायको बसली होती. मांडीवर कुणाचं तरी पोलकं, खांदे पदरात लपेटलेले.

"अहो, किती वारा येतोय इथून."

"फट पडलीय," तो म्हणाला.

"ते मला सांगताय? गॅरेज कुणाचं?"

"काढायला गेलो तर तू फाटशील."

ती हसली. हसताना दातांत धरलेली सुई हलली.

"पुठ्ठा आहे हो तो. मी कशी फाटेन?"

मग तिने दोरा ओवला आणि मान वर केलीच नाही. कामात असली की ती अशीच.

"काका, झोपलात की काय?" सिस्टर वाकून बघत होती.

"नाही. आत होतो."

त्याने नट सोडले. चार नट, चारही सहज सुटले, जणू तेही वाटच बघत होते. कार्बोरेटर उचलला तसा पुठ्ठा मधोमध तडकला. अर्धा वर चिकटला, अर्धा खाली. खालच्या अर्ध्यावर पेन्सिलीतलं अक्षर अजून लागत होतं: बाही साडेसोळा, गळा सैल. मिस्तरीने गावातल्या सगळ्या बाह्या डोळ्यांपुढे आणल्या. कुणाची ते आठवेना. सिस्टरनेही वाचलं, आणि धुतलेला लशींचा डबा परत धुवायला नळावर निघून गेली.

त्याने पातं घेतलं आणि खरवडायला लागला. काळा भुगा झाला, थोडा हाताला लागला, बाकीचा वाऱ्याने नेला.

नवं पॅकिंग त्याने तिच्याच कात्रीने कापलं. पहिलं वाया गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्याची एक बाजू जरा चढली होती. तिने पाहिली असती तर उसवायला लावली असती. पण बसलं. नट आवळले, झाकण चढवलं, किल्ली फिरवली, चोक हळूहळू आत ढकलला. मग स्क्रू वळवत वळवत तो अशा जागी आणला, की पुढे आवाजात काही करण्यासारखं राहिलंच नाही.

"बंद पडली?" सिस्टरने विचारलं.

त्याने इंजिनाच्या फिरणाऱ्या पंख्याकडे बोट दाखवलं.

साडेतीनला ती निघाली. मिस्तरी रस्त्याच्या मधे उभा राहून बघत होता. जीप टेकडी चढत लहान झाली, आणि नेमक्या सगळ्यात खड्या चढावर एका म्हातारीने हात केला. सिस्टर थांबली. म्हातारीने आधी बोचकं ठेवलं, मग एक पाय ठेवला, मग तिला काही तरी आठवलं आणि ती उतरून मागून चालत येणाऱ्या बाईशी बोलत बसली. किती बोलली, किती बोलली. तेवढा वेळ जीप तिथे उभी होती आणि तिच्या मागून धुराची एक बारीक रेघ निघत होती, कुठेही न तुटता. मग म्हातारी चढली, आणि सगळी मिळून टेकडीपलीकडे उतरली.

मिस्तरी नळावर आला. साबण हातात घेतला, तोटी सोडली. उजव्या हाताच्या नखांत पुठ्ठ्याचा काळा भुगा बसला होता. तो पाण्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग तोटी बंद केली, साबण जागेवर ठेवला, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे टाकून दारातल्या उन्हात बसला.