काळ्या बोटांवरची शाई

सव्वाचारला मैना वाघमारे बावीस माणसं घेऊन गावच्या शाळेच्या दारात धापा टाकत उभी राहिली. मतदान पाचला बंद होणार होतं. कर्नाळ्याच्या रानातल्या कोळशाच्या भट्टीपासून इथवर सगळे जवळजवळ धावतच आले होते. साल बासष्टचं. कातकरवाडीतली बाई ग्रामपंचायतीला उभी राहते, ही गोष्टच पंचक्रोशीला नवी होती.

मैनाला हवा होता एक साकव, माणसं जाण्यापुरता छोटा पूल. वाडी आणि गाव यांच्यामध्ये ओहळ आडवा. गेल्या श्रावणात तिची भावजय चंद्रावती बाळंतपणात अडली. ओहळाला पाणी चढलेलं, पलीकडे पनवेलच्या दवाखान्यात नेणारी बैलगाडी उभी, आणि चंद्रावतीने ओहळाच्या अलीकडेच जीव सोडला. पुढे मैना पंचांकडे गेली, तर ते म्हणाले, वाडीचं एक मत पडत नाही, साकव कुणासाठी बांधायचा? खोटं नव्हतं ते. दिवाळी सरली की सगळी वाडी भट्टीवर, आणि मतदान नेमकं त्याच दिवसांत. तेव्हापासून बाईच्या डोक्यात भुंगा शिरला होता.

आता दारात धर्मराज पाटील आडवा आला. समोरच्या उमेदवाराचा हा माणूस, भारी कायदेबाज. त्याने त्या काळ्याकुट्ट हातांकडे एकदा बघितलं आणि अधिकाऱ्यांना म्हणाला, "सायेब, या बोटांवर शाई दिसंल का? हीच मानसं फिरून रांगेत आली तर वलखायची कशी?"

अधिकारी म्हणजे पनवेलच्या शाळेतले पेंडसे मास्तर, सरळ माणूस. मुद्दा बरोबर आहे, बोट धुतलेलं हवं, असं त्यांनी सांगितलं. धर्मराज मिशीतल्या मिशीत हसला.

मैना भांडत बसली नाही. भांडायला वेळच कुठे होता! तिने लुगडं खोचलं आणि सगळ्यांना ओहळाकडे पिटाळलं.

मग त्या ओहळावर जी धमाल उडाली ती काय सांगावी. मूठभर वाळू, वर भाताचा पेंढा, आणि मैना एकेकाचं बोट धरून भांडं घासावं तसं घासत होती. कोळसा कसला सुटतोय, वर्षानुवर्षं मुरलेला. म्हातारी जनी म्हणाली, हळदीच्या दिवशीही मला कुणी एवढं घासलं नव्हतं. बाया हसून हसून पाण्यात बसल्या. बोट उजळलं की मैना त्या माणसाला पाठीत धपका घालून वर शाळेकडे पळवत होती.

पाच वाजायला पाच मिनिटं असताना सगळे रांगेत होते. पाच वाजले तसं मास्तरांनी दार लावलं, पण रांगेतल्या कुणालाही बाहेर काढलं नाही. सगळ्यांत शेवटी मैना. दुसऱ्यांची बोटं घासता घासता तिच्याच बोटाची सालटी निघाली होती. शाई लागली तशी ती अशी झोंबली, की डोळ्यांत पाणी आलं. तरी बाई हसत होती. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीवर निरोप आला, मैना सतरा मतांनी निवडून आली. साकव होणार! सगळ्यांनी एकच कल्ला केला. मग मुकादम काशिराम ओरडला, तेव्हा कुठे माणसं निवलेल्या भट्टीतला कोळसा पोत्यांत भरायला लागली. पण प्रत्येकाने डाव्या हाताचं एक बोट वर धरलेलं. शाईवर कोळसा बसू नये म्हणून.

"सगल्यांची बोटं एकदमच मोडली काय रं?" काशिराम वैतागला.

एकटा बुधाजी, मैनाचा नवरा, दहाही बोटांनी कोळसा भरत होता. काल दुसरी भट्टी पेटती होती. तिला सोडून गेलं तर वारा शिरतो आणि महिन्याची मेहनत राख होते. कुणीतरी मागे राहायला हवं होतं. मत सोडून तो राहिला होता.

मैना त्याच्या शेजारी येऊन बसली. तो तिचं ते सोललेलं, शाई लागलेलं बोट बघत राहिला.

"पुढल्या खेपेला," ती म्हणाली, "भट्टी मी राखीन."