नेत्राचं साटंलोटं

पद्मिनीबाईंना बास्केटबॉल कळत नाही असं म्हणायची ईडन प्रेरी या अमेरिकन गावातल्या मराठी मंडळींत कोणाची छाती नव्हती. नऊवारीवर लेकाचं जाडजूड जॅकेट, पायात गुडघ्यापर्यंतचे बर्फातले बूट आणि मांडीवर चिवड्याचा डबा, अशा थाटात त्या प्रत्येक मॅचला पहिल्या रांगेत बसायच्या. शाळा त्यांची दुसरीत सुटली होती, पण माणूस ओळखायला पाटी-पेन्सिल लागत नाही असा त्यांचा हिशेब होता, आणि खेळ म्हणजे तरी काय, पळणारी माणसंच.

"पॉइंट गार्ड म्हणजे घरची थोरली सून," त्या शेजारी बसेल तिला सांगायच्या. "ताट हिनं वाढायचं, जेवायचं दुसऱ्यांनी. आणि भात करपला की बोल हिलाच."

ही थोरली सून म्हणजे त्यांची सतरा वर्षांची नात नेत्रा. तिचा बाप हेमचंद्र टीमचा कोच. इथल्या आईबापांनी मिळून मुलींची एक लीग उभी केली होती. शाळेचं जिम भाड्यानं घ्यायचं, शनिवारी मॅचेस, आणि दोन्ही कोच राजी असले तर खेळाडूंची अदलाबदल करायची मुभा. त्या सगळ्या लीगमध्ये नेत्रासारखी पॉइंट गार्ड दुसरी नव्हती. विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा कॉलेजच्या कोचबाईनं तिला कळवलं होतं, फायनलला येते, खेळताना बघते, मग टीममध्ये घ्यायचं का ते सांगते. पोरगी झोपेतसुद्धा तीच मॅच खेळत होती.

आणि असल्या वेळी हेमचंद्रनं जेवताना विषय काढला.

"त्र्यंबक म्हणतो, प्रणिताला घ्या आणि नेत्राला द्या."

त्र्यंबक दुसऱ्या टीमचा कोच. दरवर्षी फायनल या दोघांतच व्हायची आणि दरवर्षी तोच जिंकायचा. प्रणिता त्याची सख्खी भाची, सहा फुटांना टेकलेली.

नेत्रा हसली. "बाबा, यू आर जोकिंग."

"फायनलच्या तोंडावर?" रेणू म्हणाली. नेत्राची आई ती. सासूसमोर एका वाक्यापलीकडं सहसा जात नसे. "ती बाई हिला बघायला येतेय."

"हिलाच बघायला येतेय ना, टीमला नाही. त्र्यंबकनं शब्द दिलाय, नेत्रा पूर्ण मॅच खेळेल म्हणून." एवढं बोलून हेमचंद्रनं आईकडं बघितलं. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, हाताखाली ऑफिसातली वीस माणसं, पण गाडीचा रंगसुद्धा त्यानं आईला विचारून घेतला होता.

पद्मिनीबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "दे."

"आई, पण..."

"दे म्हटलं ना. ही बाय चेंडू नेते टोपलीपर्यंत, आणि टोपलीखाली तुझ्या सगळ्या ठेंगण्या. सुगरण आणून उपयोग काय, घरात जेवणारा दाताचा नसेल तर."

"आजी, मी बाबांची मुलगी आहे," नेत्रा म्हणाली.

"म्हणून तर. द्यायची असते ती मुलगीच. मुलगा कोण देतं?"

नेत्रानं बापाकडं बघितलं. हेमचंद्र वरणावर लिंबू पिळत होता. लिंबू संपलं तरी पिळत होता.

पद्मिनीबाईंना यात वावगं असं काही दिसत नव्हतं. त्या स्वतः अशाच आल्या होत्या. थोरला भाऊ राजाराम एका डोळ्यानं अधू, त्याला कोणी मुलगी देईना. मग बापानं साटंलोटं केलं: पद्मिनी त्या घरात, त्या घरची रत्ना राजारामाला. पंधराव्या वर्षी. एकाच मांडवात दोन्ही पोरी उठल्या आणि एकमेकींच्या घरी जाऊन बसल्या. तेव्हापासून पद्मिनीबाईंना व्यवहार म्हणजे काय ते ठाऊक होतं. आपल्या माणसाला समोरचा कसा वागवतो ते त्याच्या मनावर नसतं. त्याचं माणूस आपल्या मुठीत किती घट्ट आहे, त्यावर असतं.

जिमच्या पार्किंगमध्ये जर्सी बदलायच्या ठरल्या, तेव्हा त्या मुद्दाम गाडीतून उतरल्या. "कोणी आधी द्यायची नाही," त्यांनी बजावलं. "दोघींनी एकदम."

"काकू, जर्सी आहे, जमिनीचं खरेदीखत नाही," त्र्यंबक हसत म्हणाला.

"तू हस. हसणाऱ्याचे दात मोजता येतात."

मग दोन्ही पोरी थंडीत समोरासमोर उभ्या राहिल्या आणि एकदम हात पुढं केले. प्रणिताला हसू आवरेना. नेत्राचं तोंड दगडासारखं.

त्र्यंबकनं शब्द पाळला, पण पहिल्या मॅचपुरताच. सेमीफायनलला त्यानं नेत्राला बाकावर बसवलं ते बसवलंच. त्याची स्वतःची लेकही पॉइंट गार्डच होती. नेत्राला त्यानं खेळवायला नेलंच नव्हतं; हेमचंद्रकडं राहू नये म्हणून नेलं होतं. शेजाऱ्याच्या विहिरीचा पोहरा उचलून आणायचा आणि आपल्या माळ्यावर टाकून द्यायचा, तसं. इकडं प्रणितानं टोपलीखाली उभं राहून हेमचंद्रची टीम फायनलला नेली.

"त्र्यंबककाका सेड, फायनललाही मी बसणार," नेत्रानं घरी येऊन सांगितलं. आवाज अगदी सपाट होता.

हेमचंद्रनं फोन उचलला. "मी बोलतो त्याच्याशी."

"ठेव तो," पद्मिनीबाई म्हणाल्या. "आर्जव भिकाऱ्यानं करावं. प्रणिताला बसव."

"आई, तिच्या जिवावर तर आपण फायनलला आलोय."

"म्हणूनच. जिच्यावाचून अडत नाही तिला बसवून कोणाला दुखायचंय? त्याची भाची बसली की त्याची बहीण त्याला फाडून खाईल. मग बघ नेत्रा कशी उठते." त्यांनी ताकाचा घोट घेतला. "माझ्या सासूनं मला एकदा गोठ्यात निजवलं होतं. माहेरी कळलं. राजारामानं त्याच संध्याकाळी रत्नाला परड्यात काढलं. थंडी अशी की दुधावर बर्फ धरेल, आणि ती गरोदर."

"मग?" नेत्रानं विचारलं.

"मग काय. सासरचे म्हणाले, आधी रत्नाला घरात घ्या. आमचे म्हणाले, आधी पद्मिनीला. कोणी ऐकेना."

"अँड रत्ना?"

"गेली ती. छातीत थंडी भरली." पद्मिनीबाईंनी पेला खाली ठेवला. "पण आमचे वाकले नाहीत. पंचक्रोशीत नाव झालं. आणि ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूनं मला मुकाट आत घेतलं."

रेणूच्या हातातला पळीभर भात तसाच राहिला. ही गोष्ट तिनं लग्नानंतर दहादा ऐकली होती, पण आज पहिल्यांदाच ती नेत्राकडं बघत ऐकत होती.

फायनलच्या दिवशी कोचबाई आली. पिकल्या केसांची, लाल कोटातली, तिसऱ्या रांगेत एकटीच. मॅच सुरू झाली तेव्हा त्र्यंबकच्या बाकावर नेत्रा होती आणि हेमचंद्रच्या बाकावर प्रणिता. मैदानाच्या दोन टोकांना दोन पोरी, हात गुडघ्यांत धरून. पद्मिनीबाईंना बरं वाटलं. काटा समतोल होता.

पहिल्याच क्वार्टरला प्रणिताची आई नीना रांगा ओलांडून त्यांच्यापाशी आली. "काकू, माझ्या मुलीनं काय केलंय?"

"काही नाही. माझ्या नातीनं तरी काय केलंय?"

"मी दादाशी भांडून आले. तो म्हणतो, तुम्ही आधी प्रणिताला आत घ्या, तो लगेच नेत्राला घेईल."

"दोघी एकदम."

"काकू, तो म्हणतो आधी तुम्ही. लहान मुलांसारखं काय चाललंय तुम्हा दोघांचं?"

"लहान मुलं लवकर ऐकतात, बाय. चिवडा घे."

नीनानं चिवडा घेतला नाही. ती परत गेली आणि भावाच्या कानाशी लागली. त्यानं नुसती मान हलवली. त्याची टीम पुढं होती, त्याला घाई नव्हती. हेमचंद्रची टीम उंचीवाचून मार खात होती. तो सारखा मागं वळून आईकडं बघायचा. आई समोर बघायची.

हाफटाइमला नेत्रा आली. कठड्याला धरून उभी राहिली, डोळे कोरडे. "आजी, बाबांना सांग, प्रणिताला घे. मग काका मला घेतील."

"घेईल म्हणतो. शब्द मागंही दिला होता त्यानं."

"नाही घेतलं तर नाही. पण ट्राय तरी कर. ती बाई फक्त आज आली आहे."

"आज आपण आधी सोडलं की हा जन्मभर आपल्यालाच आधी सोडायला लावेल."

"मला जन्मभराचं नकोय. मला आजचं हवंय." आणि मग, मराठीत अडखळत, सावकाश, "आजी, मी तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही."

ते खरं होतं. पद्मिनीबाईंनी नातीच्या हनुवटीला हात लावला. "कळ काढ. तो वाकतोय. मला दिसतंय."

तिसऱ्या क्वार्टरमध्ये लाल कोटातल्या बाईनं शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं. त्यानं बाकाकडं बोट दाखवलं. बाई बराच वेळ नेत्राकडं बघत राहिली. मग तिनं घड्याळ बघितलं आणि कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

हे पद्मिनीबाईंनी बघितलं. नेत्रानं बघितलं, आणि बाकावरून अर्धवट उठून ती आजीकडं बघू लागली. एक हात वर केला असता तर हेमचंद्रनं प्रणिताला त्याच क्षणी आत पाठवलं असतं; तो त्या हाताचीच वाट बघत होता. पद्मिनीबाईंचा हात जॅकेटातून बाहेरही आला. तेवढ्यात त्र्यंबकनं मान वळवली. तोही बघत होता, ओठाच्या कोपऱ्यात हसू धरून.

हात चिवड्याच्या डब्यात गेला.

बाई दाराबाहेर पडली. शेवटच्या शिट्टीपर्यंत दोन्ही पोरी बसून राहिल्या. हेमचंद्रची टीम दोन बास्केटांनी हरली.

"हरलो ते हरलो," परतताना गाडीत पद्मिनीबाई म्हणाल्या. "त्यानं आधी सोडलं नाही, पण आपणही सोडलं नाही. आता पुढच्या वर्षी शब्द फिरवताना दहादा विचार करेल." हेमचंद्र रस्त्याकडं बघत होता. नेत्रा खिडकीतून बाहेरच्या पांढऱ्या शेतांकडं.

घरी पोचल्यावर पद्मिनीबाई नेहमीप्रमाणं दारालगतच्या बाकड्यावर बसल्या. गुडघे त्यांचे कधीच गेले होते; बूट काढणं त्यांच्यानं होत नसे. रोज नेत्रा पुढ्यात मांडी घालून बसायची, आधी उजवा बूट, मग डावा, आणि आजीचे गार पडलेले तळवे हातात धरून चोळायची. बोलावंही लागत नसे.

पद्मिनीबाईंनी पाय थोडा पुढं केला.

नेत्रानं स्वतःचे बूट काढले, नीट जोडीनं ठेवले, आणि त्या पायाला वळसा घालून ती जिना चढून गेली. मागून रेणू आली. तिनं सासूच्या बुटांकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. हेमचंद्र गाडीतून उतरलाच नव्हता.

वर दार लागल्याचा आवाज आला. मग स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी, ताटांचा आवाज, कोणीतरी खुर्ची ओढली.

एक हाक मारायची होती फक्त. नेत्रा म्हटलं असतं, नुसतं बाय म्हटलं असतं तरी पोरगी कदाचित खाली आली असती.

बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी साचत होतं. बाहेरचा उजेड गेला तसा आत कोणी दिवा लावला नाही. पद्मिनीबाईंनी डबा मांडीवर घट्ट धरला, पाठ ताठ केली आणि वाट बघत बसल्या. आधी तिनं यायचं होतं.