हळदीचा पहिला घाव

अवसरी बुद्रुकला ठकूबाईच्या दारात प्राचीच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या, लग्नाची हळद फोडायला भावकीतल्या सवाष्णी जमल्या होत्या. उखळात हळकुंडं पडली, मुसळांना आंब्याची पानं बांधून झाली, गाणं सुरू झालं. आणि नेमका तेव्हाच ठकूबाईच्या छातीतून जाळ उठला. गळा, कान, टाळू, सगळं पेटलं. कित्येक महिने हे असंच चाललं होतं, पण ती न्हाणीघरात जाऊन गुपचूप निभावून न्यायची. आज मात्र तिनं चारचौघींत पदर फेकला आणि पाण्याची कळशी उचलून डोक्यावर ओतून घेतली.

झालं! जावेनं, सखूबाईनं, लगेच तिच्या कपाळाला कुंकू फासलं. "अंगात आलं गं बया!" एकीनं लिंबू आणलं, दुसरीनं तर पायच धरले. "आई, माझ्या पोराला नोकरी कदी लागंल?"

"आदी फॅन लावा!" ठकूबाई ओरडली. देवीला फॅन लागतो, हे भावकीला त्या दिवशी कळलं.

ठकूबाईला मात्र हसू येईना. तिला आपली आई आठवली होती. घाटघरची बयाबाई याच वयात ऐन थंडीत अंगणातल्या दगडावर जाऊन बसायची, उगाच रडायची, रात्रभर टक्क जागी असायची. लोकांनी तिला झपाटलेली ठरवलं. भगतानं छडीनं फोडून काढलं. पुढे त्रास आपोआप थांबला, पण चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. नवरा जिवंत असून तिला कुणी हळदीला बोलवेना. आज पोटच्या लेकीनं, खुद्द ठकूबाईनंही बोलावलं नव्हतं, व्याह्यांच्या कानावर जायला नको म्हणून. आता तेच वेड आपल्यात उतरलं, लेकीचं लग्न मोडणार, या धास्तीनं ठकूबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

सखूबाई भगताची सोय बघायला निघाली होती. प्राचीनं तिचं काही चालू दिलं नाही. आईला स्कूटीवर बसवलं आणि मंचरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी आधी पाळीचं विचारलं. ती कधी यायची, कधी महिने महिने दडी मारायची. मग त्यांनी बीपी बघितलं, थायरॉईडसाठी रक्त तपासायला घेतलं. "ठकूबाई, तुमची पाळी जायला आलीय. अंगातले हार्मोन खालीवर होतात, म्हणून हा जाळ, घाम, धडधड, चिडचिड."

"म्हंजी मी येडी न्हाई?"

"अजिबात नाही!"

पुढचं बाईंनी बरंच सांगितलं. सुती कपडे घाला, चहा-तिखट कमी करा, रोज चाला, हाडांसाठी नाचणी-दूध घ्या. एवढं करूनही निभेना तर औषधं आहेत, तब्येत बघून देऊ. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं, तर मात्र लगेच या. हे सगळं प्राचीनं ऐकलं. ठकूबाई 'अजिबात नाही'पाशीच थांबली होती. छातीवरचा धोंडा उतरला आणि ती पोटभर रडली. बाहेर येऊन दोन ग्लास उसाचा रस प्यायली.

दुसऱ्या दिवशी न फोडता तशीच राहिलेली हळकुंडं फडक्यात बांधून तिनं घाटघर गाठलं. आईच्या उखळात ती ओतली आणि मुसळ आईच्या हातात दिलं.

"आये, पयला घाव तुझा."

बयाबाई मागं सरली. "पावण्यांस्नी कळलं तर?"

"मीच सांगनार हाये त्यांना. तुला झपाटलं नव्हतं, आये. पाळी जाताना व्हतं तसं. मलाबी व्हतंय. मी तुला बोलावलं न्हाई, माझं चुकलं."

म्हातारीनं मुसळ उखळाला टेकवलं. मग हळूच म्हणाली, "मंग त्यो भगत मला मारीत का व्हता गं?"

ठकूबाईचे डोळे भरून आले.

बयाबाईनंच पदर खोचला. "त्यालाबी कुणी सांगितलं नसंल बघ," असं म्हणून तिनं मुसळ असं काही हाणलं, की हळद उडून दोघींच्या तोंडावर बसली. कितीतरी वर्षांनी बयाबाई मोठ्यानं हसली.