कोठारातली झारी

पंपवाल्याच्या बायकोला एकच व्यसन होतं, आणि तेही घरबसल्या. दर रविवारी दुपारी तीनला ती जेवणाच्या टेबलावर वही, फासे आणि बिस्किटांचा डबा मांडून बसे. मग तीन चांगली शिकलीसवरलेली माणसं येत आणि सहा वाजेपर्यंत चेटक्यांशी लढत. लढत म्हणजे तोंडाने. प्रत्येकाच्या हातात एक कागद, कागदावर एक पात्र: कोणी चोर, कोणी तलवारवाली, कोणी वैदीण. आपलं पात्र काय करतं ते ज्याचं त्यानं सांगायचं, ते जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं, आणि बाकीचं सगळं जग बायकोनं वहीतून वाचून दाखवायचं. ती सूत्रधार. पंपवाला पस्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात वॉल्व्ह फिरवून निवृत्त झालेला. तो आतल्या खोलीतून ओरडे, "मेला का चेटक्या? मग नळ नीट बंद करा आणि जा घरी!" असं अकरा वर्षं चाललं.

मग बायकोच गेली. चेटक्या राहिला.

तीन महिन्यांनी एका रविवारी तीनला बेल वाजली. दारात तेच तिघं: धाकटी मेहुणी, दंतवैद्य आणि गाडी चालवायला शिकवणारी बाई.

"भावोजी, ताईची शेवटची वही अर्धी राहिलीय," मेहुणी म्हणाली. "तुम्ही नुसती वाचा. खेळायचं आम्ही बघतो."

"मला त्यातलं ढिम्म कळत नाही."

"ते ताई सांगायचीच."

पंपवाल्यानं दार उघडं सोडलं. तीन महिने त्या घरात फक्त फ्रिज बोलत होता, आणि त्याचंही बोलणं तेच तेच.

वाचायला बसण्याआधी त्यानं सवयीनं पानं मोजली. बावीस. रविवारी दोन धरली तर अकरा रविवार. त्यानंतर या तिघांना इथं येण्याचं काही कारण उरणार नव्हतं. मेहुणी आली असती म्हणा, पण ती आली की उपदेश घेऊन यायची. हा आकडा त्यानं कोणाला सांगितला नाही.

पहिल्याच दुपारी दंतवैद्यानं अकराचा एक करायचा घाट घातला. कथा अशी होती: सात मजली दगडी बुरूज, वर चेटक्या, खाली कुलूपबंद दार, आणि किल्ली शोधायला पुढची पंधरा पानं. पण दंतवैद्याच्या चोराकडे एक जादूची झारी होती. वहीत लिहिलं होतं, 'या झारीतलं पाणी कधी संपत नाही.' वाळवंटात तहान भागावी म्हणून बायकोनं बिचारीनं दिली होती.

"कधीच नाही ना?" दंतवैद्याचे डोळे चमकले. लोकांच्या तोंडात भोकं शोधणं हा त्याचा धंदाच; नियमात सापडली की तो फुकट काम करी. "मग माझा चोर उडत्या खडावा घालून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत जातो. रिकाम्या कोठारात झारी आडवी करून ठेवतो. बाहेर येतो. आम्ही थांबतो. बुरूज भरतो. चेटक्या बुडतो. खेळ खलास! बिस्किटं कुठायत?"

"किल्ली नको, काही नको," बाई म्हणाली. "आधी सुचलं असतं तर चार वर्षं वाचली असती."

पंपवाल्यानं चष्मा काढला. "तोटी केवढी आहे?"

"कसली तोटी?"

"झारीची. वहीत लिहिलंय, अंगठ्याएवढी. म्हणजे मिनिटाला सहा लिटर, फार झालं तर. बुरूज सहा मीटर लांब, सहा रुंद, एकवीस उंच. भरायला सत्त्याऐंशी दिवस. गळती वेगळी."

"सत्त्याऐंशी दिवस गेले, असं म्हणतो मी. खेळ आहे, काका."

"आणि खिडक्या? प्रत्येक मजल्याला आहेत. पाणी पहिल्या खिडकीतूनच बाहेर."

"दगडांनी बुजवल्या."

"बुजवा. मग एकवीस मीटर पाण्याचा दाब खालच्या लाकडी दारावर. तुम्ही तिघं दारासमोर वाट बघत बसलेले. दार उडालं की तुमच्या कवळ्या पुढच्या गावात सापडतील."

मेहुणी पदरात तोंड घालून हसली. दंतवैद्यानं दोन बिस्किटं एकदम खाल्ली. "काकू असं कधी करायच्या नाहीत."

"तिला खात्यानं पेन्शन दिली नव्हती," पंपवाला म्हणाला. "चला, किल्ली शोधा."

पुढचे रविवार असेच गेले. कधी न तुटणारा दोर निघाला, कधी सावली विकत घेणारा आरसा. दंतवैद्य भोक पाडायचा आणि पंपवाला वॉशर बसवायचा. एकदा मात्र तो हरला. भुतानं दंतवैद्याच्या चोराला एका बंद खोलीत गाठलं, तर हा म्हणाला, "आत येताना मी दार लावून घेतलं असं बोललोच नव्हतो. नियम दोन: जे तोंडाने सांगितलं नाही, ते केलं नाही. काकूंचाच नियम." पंपवाल्यानं वही उलटून पाहिली. नियम खरंच होता. चोर उघड्या दारातून शीळ घालत निघून गेला.

पंपवाल्यानं तो नियम दोनदा वाचला. त्या दिवसापासून तो वर्णन करताना मधूनच सांगू लागला, "पायऱ्या ओल्या आहेत."

"हे ताईनं लिहिलंय?" मेहुणीनं विचारलं.

"मग काय मी लिहिलंय?"

त्या सगळ्या पसाऱ्यात पंपवाल्याला एकच पात्र पटलं होतं. तिघांबरोबर एक म्हातारा पखालवाला फिरायचा, पाण्याची चामडी पखाल पाठीवर घेऊन. तो कोणा खेळाडूचा नव्हता. बायकोच त्याचं बोलायची. तलवारी चालत असताना हा सांगणार, सांडू नका. राजकन्या रडत असताना विचारणार, माठ झाकला का. "अख्ख्या वहीत एवढा एकच शहाणा माणूस आहे," पंपवाला म्हणायचा आणि त्याची वाक्यं जरा ठासून वाचायचा. तिघं एकमेकांकडे बघायचे.

अकराव्या रविवारी चेटक्या मेला. फासे असे पडले की भोक पाडायची गरजच लागली नाही, त्यामुळे दंतवैद्य थोडा नाराजच होता. पावणेपाच वाजले होते. पंपवाल्यानं शेवटचं पान उलटलं. त्यावर एकच ओळ होती, आणि ती त्याला आधीपासून पाठ होती: 'जितके आत गेले तितके दारातून बाहेर पडले, की खेळ संपला.'

"मी बाहेर," बाई म्हणाली. तिनं कागदाची घडी केली.

"मी पण बाहेर," दंतवैद्य म्हणाला.

"मीही," मेहुणी म्हणाली, आणि थांबली. "पखालवाला आत आहे अजून."

"त्याला मी कसा हलवणार?" पंपवाला घाईनं म्हणाला. हे उत्तर त्यानं आठवडाभर घोटून ठेवलं होतं. "नियम एक: दुसऱ्याचं पात्र कुणी हलवायचं नाही. ते तिचं होतं. ती नाही. तेव्हा तो आतच राहणार आणि खेळ काही संपत नाही. माझा नाइलाज आहे."

मेहुणीनं डोळे पुसले, आणि पुसता पुसता हसायला लागली.

"भावोजी, तो दुसऱ्याचा नाहीये."

"म्हणजे?"

"नळ बंद करा, सांडू नका, माठ झाका. तुम्हाला खरंच कळलं नाही? तो तुम्हीच आहात. तुम्ही आतून ओरडायचात आणि ताई तेच इथं टेबलावर बोलायची. अकरा वर्षं आम्ही तुमच्यावर हसतोय."

"आणि गेले अकरा रविवार तुम्ही त्याची तारीफ करताय," बाई म्हणाली. "आम्हाला कसं आवरलं असेल, विचारा."

पंपवाला लालबुंद झाला. त्यानं वही जवळ ओढली आणि मागची पानं चाळली. माठ झाकला का. बादली रिकामी कुणी ठेवली. झोपायच्या आधी मेन वॉल्व्ह. सगळं त्याचं, शब्दन् शब्द. आतल्या खोलीतून ओरडलेलं कोणी ऐकत असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

बराच वेळ तो एकाच पानावर बोट ठेवून बसला. दंतवैद्य हळू आवाजात म्हणाला, "मग काका, तुमचं पात्र आहे. येताय ना बाहेर?"

"येतो की," पंपवाला म्हणाला. त्यानं चष्मा चढवला. "दारापर्यंत येतो. उंबऱ्यावर थांबतो. आणि विचारतो, झारी कोणी बंद केली?"

"कुठली झारी?"

"तिसऱ्या मजल्यावरची. कोठारातली. आडवी करून ठेवलीत, खेळ खलास म्हणालात, बिस्किटं मागितलीत. उचलली असं कोणी बोललं का?"

दंतवैद्याचं तोंड उघडंच राहिलं. असं उघडं तोंड त्यानं आजवर फक्त वरून पाहिलं होतं.

"नियम दोन," मेहुणी पुटपुटली. "पायऱ्या ओल्या!"

पंपवाल्यानं खिशातून चिठ्ठी काढली. "खेळातले चाळीस दिवस. तीन लाख पंचेचाळीस हजार सहाशे लिटर. पखालवाला एवढं पाणी वाया जाताना बघून घरी जाईल? तो परत फिरला. तुम्हाला जायचं तर जा."

"म्हाताऱ्याला एकट्याला कसं सोडणार?" बाईनं कागदाची घडी उलगडली. "पण वहीची पानं संपली की."

"पुठ्ठा आतून कोरा आहे," पंपवाला म्हणाला आणि पेन्सिलीला टोक काढायला लागला.

"आणि झारी बंद झाली, की?" मेहुणीनं विचारलं.

"मग भिंती. ओल धरली असणार. एकदा ओल धरली की दोन-दोन वर्षं निघत नाही. मी पाहिलंय."

दंतवैद्यानं उसासा टाकून डब्यातलं शेवटचं बिस्किट घेतलं. "पुढच्या रविवारी माझ्या चोराला गमबूट चालतील का, काका?"

"चालतील. फक्त घातले, असं तोंडाने सांगा."