कणीच्या अक्षता

मी केरबा हवालदार. फौजेत सिग्नलमधी सतरा वर्सं काढली, मग फलटणच्या टॉकीजात ऑपरेटर झालो. पासष्टच्या लढाईत डोक्यावरनं गोळे जात असताना मी वायरी जोडल्यात. तवा तिथल्या एका स्पीकरनं मला शिकवायला जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं हुतं. पण चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याला त्यानं शिकवलंच.

त्या दिवशी नवं पिक्चर लागलं. बाराचा खेळ हाऊसफुल्ल. हिरॉईन तोंड उघडायची आन् आवाज यायचा खर्रर्र, खर्रर्र, आख घासल्याल्या गाडीवानी. पब्लिकनं खुर्च्या बडवायला घेतल्या. "ए ऑपरेटर, झोपला का रं?" मला झोपला म्हणत्यात! टाळकंच सरकलं माझं.

इंटरव्हलपतोर मी सगळं धुंडाळलं. मशीनमधला आवाजाचा दिवा बदलला, भिंग पुसलं. खरखर तशीच. दुसऱ्या मशीनवर रीळ चढवलं, तरी तशीच. ॲम्प्लीफायरचे व्हॉल्व्ह बदलले. पण केबिनमधल्या बारक्या स्पीकरवर आवाज कसा एकदम चकाचक! म्हंजे रोग हिकडं न्हाई, पडद्यामागच्या मोठ्या स्पीकरात. माझा हिशेब कवा चुकत न्हाई.

आदल्या दिवशी खंडेनवमी. तो मोठा स्पीकर पूजेला खाली काढून चौरंगावर उताणा ठेवला हुता. पूजा झाल्यावर परत वर कुणी चढवला? कोंडीबानं. कोंडीबा आमचा म्हातारा राखणदार. बायको गेल्याली, पोरबाळ न्हाई. पडद्यामागं वाकळ टाकून ऱ्हायचा. बारा वर्सं त्येचं घर तेच.

"मालक," मी नानासोंना म्हणलो, "कोंडीबानं स्पीकर आपटलाय. लिहून देतो."

"न्हाई आपटला," कोंडीबा म्हणला. "लेकरावानी उचलला हवालदार."

"मग काय भुतानं आपटला?"

नानासो आधीच पब्लिकच्या शिव्या खाऊन आल्याले. "कोंडीबा, तीनच्या खेळाआधी गाठोडं बांध," म्हणले. "पडद्यामागं आता कुणी ऱ्हायचं न्हाई."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. बघू दे की, म्हणलं. फौजेत असल्या चुकीला कोर्ट मार्शल हाय.

खेळ सुटला तसा मी पडद्यामागं जाऊन स्पीकर खाली घेतला. एका कोपऱ्यात कोंडीबा वाकळ गुंडाळत हुता. मी आपटल्याची खूण हुडकाय लागलो. लाकडाला चीर न्हाई. लोखंडाला पोचा न्हाई. आतल्या भोंग्याचा कागद कुठं फाटला न्हाई. आयला! मग बोटांनी कागद सगळीकडनं सारखा दाबून कान लावला. कागदाच्या मधल्या टोपीखाली कायतरी घासत हुतं, आन् टोपीची एक कड सुटल्याली. ब्लेडनं टोपी उचलली, पोस्टकार्डाची पट्टी कापली, आतल्या फटीत फिरवून भायेर काढली.

पट्टीला लाल लाल बारीक तुकडे चिकटले हुते. कुंकवात कालवल्याली तांदळाची कणी.

मी तिथंच मांडी घालून बसलो. नवमीच्या सकाळी माझी बायको विजयमाला घरात वरडत हुती, "आवं, अक्षतांना अख्खं तांदूळ लागत्यात! त्यो कणीचा डबा हाय!" मी म्हणलो, "स्पीकरला काय कळतंय त्यातलं?" आन् त्या उताण्या स्पीकरवर चांगली वंजळभर ओतली. तवा कोंडीबा सुदिक म्हणला हुता, "हवालदार, जरा बेतानं." त्येला मी गप बस म्हणलो. अख्खा दाणा त्या फटीत गेलाच नसता. सगळ्या फलटणात कणीच्या अक्षता करणारा शाणा एकच हुता.

खरं सांगतो, पट्टी पुसून खिशात घालावी असं मनात आलं. कुणाला कळलं असतं? उलट नानासोंनी माझी पाठच थोपटली असती. तेवढ्यात कोंडीबानं खिळ्यावरचा आरसा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आन् गाठोड्यात खुपसला. मला माझीच लाज वाटली. सतरा वर्सं फौजेत काढली आन् एका म्हाताऱ्याचं घर मोडाय निघालो हुतो.

फट साफ केली, डिंकानं टोपी चिकटवली, वाळल्यावर स्पीकर वर चढवला. दुरुस्ती झाली की माईकवर बोलून बघायचं ही माझी रीत. केबिनमधी गेलो. हॉलची दारं सताड उघडी, भायेर तीनच्या खेळाची रांग लागल्याली.

"हॅलो. वन, टू, थ्री. मी केरबा बोलतोय. कोंडीबातात्यांनी स्पीकर आपटला न्हाई. मी वतलेल्या अक्षतांची कणी त्यात गेली हुती. चूक माझी हाय. तात्या हितंच ऱ्हातील मालक. कुणाला जायचंच असंल तर मी जाईन."

खरखर औषधाला न्हाई. नानासोंनी तिकिटाच्या खिडकीतनं मुंडकं भायेर काढलं आन् वरडले, "कुणी कुठं जाऊ नका! कोंडीबा, ठेव ते गाठोडं!"

कोंडीबा पडद्याच्या कडेनं हॉलमधी आला. गाठोडं पयल्या खुर्चीवर ठेवलं, वर केबिनकडं बघितलं आन् कानामागं हात धरला.

"हवालदार, ती चूक का काय म्हणला, ते नीट ऐकू न्हाई आलं. पुन्यांदा म्हणा की!"

मघाशी त्या स्पीकरपासनं चार हातावर हुबा हुता म्हातारा. मी माईक तोंडाजवळ घेतला आन् पुन्यांदा म्हणलो.